पुलाच्या या बाजूचा मुलगा

माझ्या मुलाचा कॅनडातला फुटबॉलचा सीझन जूनमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. संघाचा सीझन त्यानंतरही चालू होता, पण तो आमचा नव्हता. आता मुलगा इथे मिशिगनमध्ये, नोव्हाय गावातच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, टायर विकणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात बसून फोन घेतो. लोक विचारतात तेव्हा बायको सांगते, "सध्या ब्रेक घेतलाय." ब्रेक वगैरे काही नाही, संपलंय ते. आणि ते कोणामुळे संपलं हे घरात तिघांनाही माहीत आहे.

आधी खेळाचं सांगतो, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की वेगळंच डोळ्यांसमोर येतं. हा अमेरिकेतला फुटबॉल. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू काखेत धरून धावायचं आणि समोरच्याने त्याला आडवं पाडायचं. कॅनडात त्याचाच चुलतभाऊ खेळतात. मैदान मोठं, माणसं अकराऐवजी बारा, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी. त्या सगळ्या रेड्यांमध्ये एक सडपातळ माणूस असतो. त्याला कोणी पाडत नाही, तोही कोणाला पाडत नाही. संघ अडला की त्याला मैदानात बोलावतात. तो जमिनीवर उभ्या धरलेल्या चेंडूला लाथ मारून तो दोन खांबांमधून पार करतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. तो किकर. माझा मुलगा किकर होता.

हे मी रागाने लिहितोय असं वाटलं तर बरोबर वाटलं. मी तसा तापटच माणूस. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात चोवीस वर्षं क्वालिटीत काढली. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि ती कोणाची हे कागदावर लिहायचं, हे माझं काम. त्या कामात मी कधी कोणाला सोडलं नाही, म्हणून इथेही सोडत नाही.

चूक चोवीस वर्षांपूर्वीची आहे.

तेव्हा आम्ही दोघं विंडसरला राहत होतो. डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे, कॅनडात. पुण्याहून कॅनडाचं पर्मनंट रेसिडेन्स घेऊन आलो होतो. मला तिथल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी होती आणि बायकोला सातवा महिना लागला होता. डॉक्टर ठरलेली होती. खालच्या मजल्यावर साताऱ्याकडच्या एक काकू राहायच्या, त्यांनी डिंकाच्या लाडवांचं सामानसुद्धा आणून ठेवलं होतं. आणि तेवढ्यात मला मिशिगनमध्ये नोकरी मिळाली. जॉइनिंग जानेवारीचं होतं.

माणूस शहाणा असता तर जानेवारीपर्यंत थांबला असता. मी कंपनीला फोन करून जॉइनिंग एक ऑक्टोबरवर आणलं. का? तर मूल नदीच्या अमेरिकन बाजूला जन्माला यावं म्हणून. अमेरिकन सिटिझन! आमच्या ओळखीत त्या काळी याहून मोठा शब्द नव्हता. मुलाला कधी कुठल्या रांगेत उभं राहावं लागणार नाही, एकवीस वर्षांचा झाला की आपल्यालाही आत ओढेल, आणि हसू नका, प्रेसिडेंटसुद्धा होऊ शकेल. ही सगळी गणितं मी जेवताना मोठ्याने करायचो. बायको ऐकून घ्यायची.

त्याच सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे टॉवर पडले आणि सीमेवर रांगा लागल्या. आमचा व्हिसा तयार होता. महिन्याच्या शेवटी, आठवा महिना सरत आलेला असताना, मी बायकोला सेकंडहँड गाडीत बसवलं, मागे दोन बॅगा, एक कुकर आणि काकूंनी दिलेला लाडवांचा डबा ठेवला आणि पुलाकडे निघालो. पूल ओलांडायला पाच तास लागले. दोन आठवड्यांनी मुलगा झाला. मिशिगनमध्ये. मी हॉस्पिटलातून भारतात फोन लावला तेव्हा मुलगा झाला हे नंतर सांगितलं, अमेरिकन झाला हे आधी.

ही गोष्ट आमच्या घरात सणासारखी साजरी व्हायची. दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला सकाळी आम्ही डेट्रॉइटला नदीकाठी जायचो. मी त्याला समोरचं विंडसर दाखवायचो, डावा हात त्याच्या खांद्यावर आणि उजव्या हाताने पूल दाखवत. तू तिथे जन्मणार होतास. मी तुला इथे आणला. तो लहान असताना डोळे मोठे करून ऐकायचा. मोठा झाल्यावर म्हणायचा, "आय नो, बाबा. यू टेल मी एव्हरी इयर." तरी यायचा. नंतर आम्ही पॅनकेक खायला जायचो. बायको या गोष्टीत कधी भर घालायची नाही. मला वाटायचं, तिला ती पाठ झालीये.

मुलगा आधी साधा सॉकर खेळायचा. हायस्कूलच्या फुटबॉल कोचने त्याची एक लाथ बघितली आणि त्याला उचलून नेलं. तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत आमचे रविवार पार्कात गेले. किकरला चेंडू धरून देणारा एक माणूस लागतो, त्याला होल्डर म्हणतात. तो मी. गवतावर एक गुडघा टेकवायचा, चेंडू टोकावर उभा करायचा, वर एक बोट. शिवणीची बाजू खांबांकडे वळवायची, नाहीतर पाय शिवणीवर बसतो आणि चेंडू भरकटतो. तो तीन पावलं मागे, दोन पावलं डावीकडे जायचा, मान हलवायचा. मग त्याचा बूट माझ्या बोटापासून दोन इंचांवरून जायचा. एकदाही लागला नाही. सुरुवातीला मी डोळे मिटायचो. नंतर उघडे ठेवायला शिकलो. माझ्या उजव्या गुडघ्याची आज जी काही अवस्था आहे ती त्या रविवारांमुळे आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमच्यात बोलणं फारसं व्हायचं नाही. मी मराठीत बोलणार, तो इंग्लिशमध्ये उत्तर देणार आणि दोघंही निम्मं सोडून देणार. पण मी चेंडू धरला की आमचं सगळं बरोबर असायचं.

कॉलेज झाल्यावर अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये त्याने दोन ठिकाणी ट्रायआउट दिली. अख्ख्या देशात बत्तीस संघ, म्हणजे बत्तीस किकर. म्हातारं झालं तरी कोणी खुर्ची सोडत नाही. वर्षभर तो जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवत बसला. मग एका मे महिन्यात कॅनडाच्या लीगमधल्या एका संघाने त्याला निवडीच्या कॅम्पला बोलावलं. ऑन्टारिओतलं शहर, आमच्या घरापासून गाडीने साडेचार तास. शहराचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की संघाचं नाव सांगितल्यासारखंच आहे, आणि त्यांच्याबद्दल मला चांगलं बोलता येईल की नाही याची खात्री नाही. त्यांचा नेहमीचा किकर रिटायर झाला होता. कॅम्पमध्ये चार जण होते. तिघं घरी गेले, हा राहिला.

त्या रात्री त्याचा मेसेज आला, "मेड इट." दोनच शब्द. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी कारखान्यात पेढे नेले आणि प्रत्येकाला पेढा काय असतो ते समजावून सांगितलं.

मराठी मंडळाच्या पिकनिकला मात्र पंचाईत झाली. एका काकूंनी विचारलं, "मुलगा काय करतो हल्ली?"

"प्रोफेशनल फुटबॉल खेळतो," मी म्हणालो.

"अरे वा! मोठ्या लीगमध्ये?"

"कॅनडात."

"अच्छा," काकू म्हणाल्या. त्या 'अच्छा'ची उंची 'अरे वा'पेक्षा बरीच कमी होती. मग त्यांनी त्यांच्या मुलाचं सांगितलं. तो तिकडे पश्चिमेला बॉथेल गावात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर घेतलं, वगैरे. मी मनात म्हटलं, तुमचा मुलगा हजारात एक असेल, माझा नऊ जणांतला एक आहे. त्या लीगमध्ये नऊच संघ आहेत.

घरच्या मैदानावरची एकही मॅच मी चुकवली नाही. शनिवारी पहाटे निघायचं, पूल ओलांडायचा, सीमेवरचा माणूस विचारायचा, कशासाठी आलात. मी सांगायचो, मुलगा फुटबॉल खेळतो. तो शहराचं नाव विचारायचा, मी सांगायचो, आणि तो म्हणायचा, "सॉरी टु हिअर दॅट." कारण संघ भयंकर होता. पहिल्या सहा मॅचमध्ये पाच हरला. बचाव तर गाळणीसारखा, कोणीही यावं आणि पार व्हावं. पण माझा मुलगा मारत होता. वारा असो, पाऊस असो, तीन पावलं मागे, दोन डावीकडे, आणि चेंडू खांबांमधून. संघ हरायचा आणि स्कोअरबोर्डवर जे काही असायचं त्यातलं निम्मं त्याच्या पायाचं असायचं.

त्या खेळातला एक नियम मला फार आवडला. किकरचा नेम चुकला, पण चेंडू खांबांमागच्या पट्ट्यात गेला आणि समोरच्या संघाला तो बाहेर आणता आला नाही, तर चुकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. चुकल्याबद्दल गुण! मी बायकोला म्हटलं, असा देश आपण सोडून आलो. ती नुसती हसली.

ऑगस्टमधल्या एका मॅचला ती आली नव्हती. माझ्या शेजारी एक म्हातारा बसायचा, पोलादाच्या कारखान्यातून रिटायर झालेला. चाळीस वर्षं तीच खुर्ची. आमची कारखान्यामुळे गट्टी जमली होती. त्या दिवशी मुलाने खूप लांबून मारलेली किक आत गेली. म्हातारा उठून उभा राहिला, टोपी काढली, परत घातली.

"युअर बॉय इज द रिअल थिंग," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, जन्म कुठला?

"मिशिगन," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला. मी त्याला पुलाची गोष्ट सांगितली. सगळी. जॉइनिंग अलीकडे आणलं, पाच तास रांग, अमेरिकन सिटिझन. विंडसर म्हणजे याचाच देश, हे लक्षात असूनही मी ती बढाई मारत सांगितली.

म्हाताऱ्याने पूर्ण ऐकलं. टोपी पुन्हा काढून मांडीवर ठेवली.

"टू बॅड," तो म्हणाला.

मला वाटलं, देशाचा अपमान झाला म्हणून म्हणतोय. तसं नव्हतं. त्याने मला समजावून सांगितलं, आणि अगदी हळू, जसं आजारी माणसाच्या नातेवाइकांना सांगतात तसं. या लीगमध्ये प्रत्येक संघात ठरावीक संख्येने कॅनडाचे नागरिक असावेच लागतात, आणि अमेरिकन खेळाडूंच्या जागा मोजक्याच; याला ते रेशो म्हणतात. त्या जागांवर संघ अमेरिकेतून धावणारे, पकडणारे, पाडणारे आणतात. किकर शक्यतो कॅनेडियनच ठेवतात, म्हणजे एक अमेरिकन जागा वाचते. तुझा मुलगा चांगला आहे म्हणून टिकलाय. पण संघ हरतोय. त्यांना कधी ना कधी ती जागा लागणार.

"इफ ही वॉज बॉर्न इन विंडसर," म्हातारा म्हणाला, "ही'ड किक हिअर टिल ही'ज फॉर्टी."

उरलेली मॅच मी बघितली की नाही ते आठवत नाही. परतताना गाडीत रेडिओ लावला नाही. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी मुलाच्या पायावर पाडला होता, तोही तो जन्माला यायच्या आधी, आणि वर दर वर्षी त्याला नदीकाठी नेऊन तो धोंडा दाखवत होतो.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. दुसरं काही येत नाही मला. एका इमिग्रेशन वकिलाला फोन केला. आम्ही दोघं तेव्हा कॅनडात राहिलो असतो तर आम्हीच नागरिक झालो असतो, मुलाला तर ते जन्मानेच मिळालं असतं. आम्ही पर्मनंट रेसिडेन्स वापरलं नाही, ते गेलं. आता मुलाने स्वतः अर्ज करायचा, मग तिथे काही वर्षं राहायचं, मग नागरिकत्व. पण नागरिकत्व येईपर्यंत नोकरी कशी टिकवायची, याला वकिलाकडे उत्तर नव्हतं. मी तरी एका कागदावर तक्ता काढला, पायऱ्या, महिने, सगळं. मुलाला फोन करून म्हटलं, हे बघ, असं करता येईल.

"बाबा," तो म्हणाला, "आय नो अबाउट द रेशो."

"केव्हापासून?"

"फर्स्ट डे ऑफ कॅम्प."

मेपासून. म्हणजे जूनपासून मी दर मॅचनंतर पार्किंगमध्ये त्याच्या पाठीवर थाप मारत होतो, तुझी जागा पक्की म्हणत होतो, तेव्हा त्याला माहीत होतं. मी विचारलं, जेवलास का. जेवलो म्हणाला.

त्यानंतर मी कॅनडाला जायला तो पूल वापरणं बंद केलं. उत्तरेला पोर्ट ह्युरनला दुसरा पूल आहे, तिथून जायचो. बायकोने कारण विचारलं, मी ट्रॅफिक सांगितलं. तिला रेशोबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काहीतरी म्हणाली असती, आणि ते ऐकायची माझी हिंमत नव्हती.

सप्टेंबरमध्ये संघ आणखी हरला. प्रत्येक मॅचमध्ये मी दोन डोळ्यांनी दोन गोष्टी बघायचो. एका डोळ्याने मुलगा, दुसऱ्याने बचावातले अमेरिकन. त्यांच्यातला कोणी लंगडत बाहेर गेला की मी बोटांवर अमेरिकन जागा मोजायला लागायचो, कारण तो बरा होईपर्यंत नवा आणला तर आणखी एक जागा लागणार. दुसऱ्याच्या दुखापतीने इतका घाबरलेला माणूस त्या स्टेडियममध्ये दुसरा नसेल. म्हातारा मला पॉपकॉर्न द्यायचा.

ऑक्टोबरच्या एका बुधवारी दुपारी, मी कारखान्यात ब्रेकच्या डिस्क मोजत असताना, फोन आला. मुलाचा आवाज नेहमीसारखाच.

"दे लेट मी गो."

संघाने अमेरिकेतून एक धिप्पाड बचावपटू घेतला होता. त्याला अमेरिकन जागा हवी होती. कॅनडाच्या एका युनिव्हर्सिटीतून नुकताच बाहेर पडलेला किकर त्यांनी बोलावला. कोचने माझ्या मुलाशी हात मिळवला आणि म्हणाला, तुझ्यात काही कमी नाही. हे मला सर्वात जास्त लागलं. कमी असतं तर मी समजू शकलो असतो. कमी असलेला माल मी आयुष्यभर परत पाठवलाय.

शनिवारी आम्ही दोघं त्याला आणायला गेलो. बायकोला मी गाडीत सगळं सांगितलं, नागरिकांच्या जागा, कॅनेडियन किकर, म्हातारा, वकील. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्याला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी गेला."

"हो."



मुलगा एका दुसऱ्या खेळाडूबरोबर बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होता. सामान असं नव्हतंच. दोन बॅगा, एक ब्लेंडर, आणि जाळीच्या पिशवीत सरावाचे सहा चेंडू. त्याच दुपारी संघाची बाहेरगावी मॅच होती आणि टीव्ही चालू होता. मला वाटलं बंद करेल. तो म्हणाला, राहू दे. आम्ही तिघंही सामान भरता भरता बघत होतो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये नवा किकर मैदानात आला. एकवीस-बावीसचं पोर, मान बारीक. त्याच्या किकचं अंतर काही विशेष नव्हतं. माझा मुलगा झोपेत मारेल. पोराने लाथ मारली आणि चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला.

मी टाळ्या वाजवल्या.

खोटं कशाला सांगू. माझे हात आपोआप वर गेले आणि मी दोनदा, जोरात, टाळ्या वाजवल्या. बायको माझ्याकडे बघतच राहिली. मुलगा ब्लेंडरची वायर गुंडाळत होता, तो थांबला.

"बाबा, डोन्ट." मग टीव्हीकडे बघून, जवळजवळ स्वतःशीच म्हणाला, "द लेसेस वर इन. नॉट हिज फॉल्ट." होल्डरने शिवणीची बाजू चुकवली होती. चूक चेंडू धरणाऱ्याची होती.

समोरच्या संघाला तो चेंडू पट्ट्याबाहेर आणता आला नाही, म्हणून आमच्या संघाला, म्हणजे त्यांच्या संघाला, एक गुण मिळाला. मॅच ते हरलेच. आम्ही टीव्ही बंद करून निघालो. जाळीची पिशवी त्याने बेसमेंटमध्ये तशीच ठेवली. मी उचलायला गेलो तर म्हणाला, "लीव्ह इट. द न्यू गाय कॅन यूज देम."

मी ठेवली.

परतताना तो माझ्या शेजारी बसला, बायको मागे. मला उत्तरेकडच्या पुलाने जायचं होतं, पण फोन सांगत होता की तिथे दीड तासाची रांग आहे. मी दोनदा बघितलं. शेवटी विंडसरच्या दिशेने वळलो. संध्याकाळ व्हायला आली होती. पुलाआधीच्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे आम्ही एकेक सिग्नल पुढे सरकत होतो. दोन्ही बाजूंना दुकानं, पेट्रोल पंप, एक मोटेल. चोवीस वर्षांत तो रस्ता मला बदललेला वाटला नाही. पाच दिवसांवर मुलाचा वाढदिवस होता.

पुलावर चढलो. खाली नदी, समोर डेट्रॉइट. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते आणि मनात म्हणत होतो, काही बोलू नकोस, कोणीच काही बोलू नका.

"सो धिस इज द ब्रिज," मुलगा म्हणाला. त्यात राग नव्हता. खरंच नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो आणि वेळ गेला असता.

मागून बायको म्हणाली, "हो. हाच."

मग ती बोलायला लागली. चोवीस वर्षांत या गोष्टीत तिने पहिल्यांदा भर घातली. आत्ता सिग्नलपाशी ते मोटेल लागलं ना, म्हणाली, तिथे रांगेत आम्ही अडीच तास उभे होतो. माझे पाय सुजले होते आणि मला बाथरूमला जायचं होतं. मी बाबांना म्हटलं, गाडी वळवा. आपण घरी जाऊ. इथेच होऊ दे बाळ, काकू आहेत, डॉक्टर आहे, जानेवारीत जाऊ.

"यू नेव्हर सेड दॅट," मुलगा मागे वळून म्हणाला. "बाबा, यू नेव्हर टेल दॅट पार्ट."

तो भाग मी कधीच सांगितला नव्हता. इतकी वर्षं नदीकाठी उभं राहून ती गोष्ट सांगताना, मला वाटतं, मी तो विसरूनही गेलो होतो. आता तो जसाच्या तसा आठवला. तिने माझ्या हातावर हात ठेवला होता. उजवीकडे मोटेलच्या आवारात वळायला जागा होती. मागचा ट्रकवाला हॉर्न न वाजवता थांबलासुद्धा असता.

"मग बाबा काय म्हणाले?" मुलाने विचारलं. मराठीत विचारलं.

ते मीच सांगावं म्हणून बायको थांबली होती.

"मी म्हटलं, थोडी कळ काढ," मी म्हणालो. "त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

उतार संपला, सीमेवरचं तपासणीचं बूथ आलं. ऑफिसरने तिघांचे पासपोर्ट घेतले, वाकून मुलाकडे बघितलं आणि विचारलं, नागरिकत्व कुठलं.

"यू.एस.," मुलगा म्हणाला.

कॅनडात काय करत होतास?

"वर्किंग."

परत जाणार आहेस?

"नो."

ऑफिसरने पासपोर्ट माझ्या हातात दिले आणि पुढे जायची खूण केली. मी गाडी पुढे घेतली.